ढिगाऱ्यातला उजेड : एका फोटोतून उभं राहिलेलं नेपथ्य

एक बाई दोन्ही हात उंचावून उभी आहे. अंगात काळा ड्रेस, सोबत पिसांचा बोआ, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा लांब पट्टा. पायाखाली विटा-प्लास्टरचा ढीग, मागे अर्धवट पाडलेल्या भिंती, आणि जिथे छत असायला हवं तिथून आत आलेला दिवसाचा उजेड.

हा फोटो १९६० साली ‘लाइफ’ मासिकासाठी एलियट एलिसोफन यांनी काढला. बाई म्हणजे मूकपटांच्या जमान्यातली तारका ग्लोरिया स्वॉन्सन आणि ढीग न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरचा. ५,९२० खुर्च्यांचं हे अवाढव्य चित्रपटगृह ११ मार्च १९२७ रोजी उघडलं ते स्वॉन्सनच्याच चित्रपटाने. तेहतीस वर्षांनी ते पाडलं जात असताना तिला तिथे नेऊन, नटवून, उभं केलं गेलं.

पुढे याच फोटोने एका म्युझिकलला दिशा दिली. ४ एप्रिल १९७१ रोजी ब्रॉडवेवरच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये ‘फॉलीज’ सुरू झालं. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइम यांची, संहिता जेम्स गोल्डमन यांची, दिग्दर्शन हॅल प्रिन्स आणि मायकेल बेनेट यांचं आणि नेपथ्य बोरिस ॲरन्सन यांचं. फोटो हातात देऊन ‘असं काहीतरी करू या’ म्हणणारे दिग्दर्शक मला बरेच भेटले आहेत. फोटोतून सेट नेमका कसा निघतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात मांडतो आहे.

आधी नाटकाची अवस्था. सॉन्डहाइम आणि गोल्डमन १९६५ पासून त्यावर काम करत होते. तेव्हा नाव वेगळं होतं, ‘द गर्ल्स अपस्टेअर्स’. जुन्या रिव्ह्यूंमधून, म्हणजे सलग कथानक नसलेल्या नाच-गाण्यांच्या खेळांमधून, नाचणाऱ्या मुली आता प्रौढ झाल्या आहेत, त्या एका मेळाव्याला जमतात, आणि त्यात एक खुनाचा धागा, असं काहीसं. मसुद्यामागून मसुदे झाले, पण नाटक उभं राहीना. ‘कंपनी’ हे म्युझिकल झाल्यावर प्रिन्स यांनी ते हातात घेतलं तेव्हा त्यांच्या डोक्यात स्वॉन्सनचा फोटो होता. खुनाचा धागा गळून पडला आणि ढिगारा पुढे आला. राहिली ती एवढीच परिस्थिती : एक थिएटर पाडून तिथे पार्किंग होणार आहे. त्याआधी जुना निर्माता त्याच्या रंगमंचावर शेवटची पार्टी देतो. दोन जोडपी येतात, इतर जुन्या नर्तकी येतात आणि त्यांच्या आजूबाजूला त्यांचीच तरुण रूपं, भुतांसारखी, फिरत राहतात.

आता नेपथ्यकाराच्या जागी बसून हा फोटो पाहू.

पहिली ओढ असते ती तो जसाच्या तसा उभा करण्याची. कमान तुटली आहे, तर तुटकी कमान करा. गज बाहेर आलेत, तर गज काढा. या मोहाची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका संगीत नाटकासाठी जुन्या रेल्वे स्टेशनच्या फोटोवरून मी सेट केला होता. खांबांची नक्षी, छपराचा बाक, घड्याळाची जागा, सगळं मोजून घेतलं. रंगमंचावर उभं राहिल्यावर सेट खेळण्यासारखा दिसायला लागला. फोटो वाइड अँगल लेन्सने काढलेला होता. तशी लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या आणि मागच्या वस्तू फार लांब दाखवते. त्यामुळे जी जागा मला प्रशस्त वाटत होती तिचा प्रशस्तपणा लेन्सचा होता, स्टेशनचा नव्हता. मागच्या खांबाशी नट जाऊन उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं खांबाच्या निम्म्याच्या वर गेलं. फोटोत तिथे माणूसच नव्हता, म्हणून माप चुकल्याचं कळायला पहिला नट तिथवर चालत जावा लागला.

तेव्हापासून फोटो टेबलावर आला की मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि वस्तू काढायच्या नाहीत असं ठरवून फक्त उजेडाच्या कडा काढतो. मग कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर होता ते शोधतो. मग माणूस आणि जागा यांचं प्रमाण. नक्षीकडे मी सगळ्यात शेवटी जातो.

स्वॉन्सनच्या फोटोवर हे करून पाहिलं तर काय हाती लागतं? रॉक्सीसारख्या चित्रपटगृहाच्या प्रेक्षागृहात दिवसाचा उजेड कधीच येत नाही. ती वास्तूच अंधारासाठी बांधलेली असते. फोटोत नेमका तिथे दिवस उगवला आहे. माझ्या मते त्या फोटोचा सगळा चटका यात आहे. भिंत मोडली आहे हे आपल्याला नंतर कळतं, आधी कळतं ते उजेड चुकीच्या ठिकाणी आला आहे हे. दुसरी गोष्ट बाईची. ती ढिगाऱ्याकडे बघून रडत नाही. जणू समोर हाउसफुल्ल प्रेक्षागृह आहे अशी उभी आहे. जागा संपली, पण तिचा आविर्भाव संपलेला नाही. हे दोन काळ एका चौकटीत आहेत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा फोटो बातमीचा नव्हे. नटीला बोलावून, कपडे ठरवून, जागा निवडून घडवलेला आहे. म्हणजे तो स्वतःच एक नेपथ्य आहे. अशा फोटोची हुबेहूब प्रतिकृती केली तर नाटकावर नाटक चढतं आणि दोन्ही खोटी पडतात.

ॲरन्सन यांनी प्रतिकृती केली नाही. किएव्हमध्ये जन्मलेले, तिथे चित्रकार अलेक्सांद्रा एक्स्टर यांच्याकडे शिकलेले, १९२३ मध्ये न्यूयॉर्कला आलेले हे चित्रकार-नेपथ्यकार तोवर सत्तरीला पोचले होते. त्यांनी ओळखू येईल असं रॉक्सी केलंच नाही. तुटक्या, वेड्यावाकड्या कडांच्या, प्रेक्षकांकडे उतरत येणाऱ्या लेव्हल्स, म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे चौथरे, केल्या, त्यातल्या काही मागेपुढे सरकणाऱ्या. ढिगारा आहे हे कळावं, पण तो अमुक भिंतीचा आहे असं बोट ठेवता येऊ नये, अशी ती रचना. मोडकं थिएटर आणि माणसाच्या आठवणींची मोडतोड यांत फरक करता येऊ नये इतपत ती अमूर्त ठेवली. फोटोतल्या दोन काळांचं उत्तर याच लेव्हल्समध्ये होतं. खालच्या लेव्हलवर पन्नाशीतली बाई बोलते आहे, मागच्या उंच लेव्हलवर विशीतली ती उभी आहे. मध्ये ना पडदा ना भिंत, फक्त उंची आणि अंधाराचा एक पट्टा. प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

भुतांना कपडे दिले ते फ्लोरेन्स क्लॉट्झ यांनी. उंचच उंच शोगर्ल्स, डोक्यावर भले मोठे शिरोभूषण आणि अंगावर काळं-पांढरं. पार्टीला आलेली जिवंत माणसं रंगीत. ही निवड मला फार मोलाची वाटते. इथे फोटोचा ढीग सेटमध्ये आला नाही, पण फोटोचा कृष्णधवलपणा माणसांच्या अंगावर आला. फोटो रंगमंचावर आणायचे असे आडमार्ग असतात. प्रकाशयोजना थॅरन मसर यांची होती. काळ्या-पांढऱ्यात वावरणारी माणसं आणि रंगात वावरणारी माणसं एकाच वेळी रंगमंचावर उजळायची, तेही एकमेकांत न मिसळता, हे काम किती अवघड असतं ते ज्याने एकदा तरी लाइट बोर्डाशी बसून तालीम काढली आहे त्यालाच कळेल. रंगीत फिल्टर जरा चढला की पांढरा ड्रेस गुलाबी होतो आणि भूत पार्टीला आलेली पाहुणी वाटू लागतं.

आता उताराबद्दल, कारण म्युझिकलमध्ये इथेच खरी कसोटी लागते. नुसत्या गद्य नाटकात उतरती लेव्हल छान दिसते आणि नट चार दिवसांत तिला सरावतो. नाचणाऱ्याचं तसं नाही. उतारावर शरीराचा तोल सतत पुढे जातो, तो सावरायला कंबर आणि पोटऱ्या सतत काम करत राहतात. उंच टाचांनी पाय आधीच पुढे झुकलेला असतो, त्यात उताराची भर पडते. बारा फूट मागे जाताना जमीन एक फूट चढते, एवढा चढ कागदावर किरकोळ वाटतो. त्यावर गिरकी घेऊन पाहा. आणि ‘फॉलीज’मध्ये नाचणाऱ्या बऱ्याच नट्या तरुण नव्हत्या, किंबहुना त्या तरुण नसणं हाच नाटकाचा विषय होता. म्हणून तालमींचा शेवटचा टप्पा सेट बनत होता त्या ब्राँक्समधल्या कारखान्यात, प्रत्यक्ष लेव्हल्सवर झाला. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पट्टी चिकटवून केलेला नाच उतारावर परत बसवावा लागतो, हा अनुभव कुणालाही चुकत नाही. तो प्रयोगाच्या आठवड्यात घेण्यापेक्षा कारखान्यात घेतलेला बरा. हा निर्णय मी प्रत्येक निर्मात्यासमोर उदाहरण म्हणून ठेवतो.

एक प्रसंग जवळून पाहू. जुन्या नर्तकी एकेकाळचा आपला टॅप डान्स पुन्हा करायला उभ्या राहतात. आरशाबद्दलचं गाणं. सुरुवातीला त्या चाचपडतात, पावलं आठवत नाहीत, कुणी दमतं. मग मागच्या अंधारातून त्यांचीच तरुण रूपं तोच नाच करत येतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी फिरून, आणि हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींत मिसळतात. बेनेट यांचं हे नृत्यदिग्दर्शन अजून अभ्यासलं जातं. नेपथ्यकार म्हणून मला त्यात दिसतात त्या तीन साध्या गरजा : मधोमध मोकळी, टॅपचा आवाज देणारी जमीन. मागून येणाऱ्यांना न अडखळता उतरायची वाट. आणि मागची रांग पुढच्या रांगेच्या डोक्यावरून दिसेल इतकी उंची. ढिगाऱ्याच्या सेटमध्ये मधली जमीन मोकळी ठेवणं म्हणजे ढिगाऱ्यालाच मुरड घालणं. फोटोत बाईच्या पायाखालीही विटा आहेत, रंगमंचावर तिथे विटा चालणार नाहीत. ढिगारा कडांवर, वर आणि मागे न्यावा लागतो, आणि प्रेक्षकाला मात्र तो सगळीकडे आहे असं वाटलं पाहिजे.

पण सगळ्यात मोठी अडचण पुढे होती. नाटकाच्या शेवटच्या भागात चौघांचं भांडण टोकाला जातं आणि अचानक सगळा ढिगारा नाहीसा होऊन ‘लव्हलँड’ अवतरतं. जुन्या रिव्ह्यूंच्या थाटाचं, लेसचं, व्हॅलेंटाइन कार्डासारखं, दरबारी पोशाखांतल्या गायक-नर्तकांनी भरलेलं स्वप्न. तिथे चौघंजण आपापला मूर्खपणा एकेका गाण्यात मांडतात. शेवटच्या गाण्यात नायक ओळी विसरतो, सगळं कोसळतं आणि आपण पुन्हा ढिगाऱ्यात येतो. मूळ प्रयोगाला मध्यंतर नव्हतं. म्हणजे पडदा पाडून, पंधरा मिनिटं मागे ठोकाठोक करून सेट बदलायची सोय नाही. जे व्हायचं ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आणि संगीताच्या मोजक्या मात्रांत.

इथे अमूर्त ढिगाऱ्याचा शहाणपणा कळतो. खऱ्यासारख्या कमानी आणि भिंती उभ्या केल्या असत्या तर त्या हलवायला माणसं, चाकं आणि वेळ लागला असता, आणि चाकांचा आवाज वाद्यवृंदाच्या हळुवार जागी हमखास ऐकू येतो. वेगवेगळ्या लेव्हल्स मात्र मागे ठेवून त्यांच्यापुढे वरून लेसचे पडदे उतरवता येतात. ढीग कुठे जात नाही. तो तिथेच, नक्षीच्या मागे, दबा धरून असतो. स्वप्न उचललं की तोच उघडा पडतो. फोटोतला आशयही हाच होता : थाट वर, ढीग खाली, आणि दोन्ही एकाच वेळी खरे. शेवटी मागची भिंत उघडी पडलेली दिसते आणि बाहेरच्या रस्त्याची पहाट आत येते. संध्याकाळभर दाबून ठेवलेला फोटोतला उजेड इथे पहिल्यांदा येतो. सुरुवातीलाच तो दाखवला असता तर तो केवळ एक सुंदर देखावा झाला असता. दिवे खर्च करण्यात नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांनी दाखवलेला हा संयम मला सगळ्या सेटपेक्षा मोठा वाटतो.

प्रिन्स आणि ॲरन्सन या जोडीने फोटोचा उपयोग इतर नाटकांतही केला, आणि दरवेळी वेगळ्या रीतीने. १९६६ च्या ‘कॅबरे’च्या तालमींच्या पहिल्या दिवशी प्रिन्स यांनी नटांना उघड्या अंगाच्या, संतापलेल्या तरुणांचा एक फोटो दाखवला. सगळ्यांना तो नाझी जर्मनीतला वाटला. तो अमेरिकेतला, त्याच काळातला, वंशभेदाच्या तणावातला निघाला. तो फोटो सेटवर कधीच गेला नाही. सेटवर गेला तो प्रेक्षकांचंच प्रतिबिंब दाखवणारा एक मोठा तिरका आरसा. ‘हे तिकडचं, त्या लोकांचं’ म्हणायची सोय फोटोने नटांकडून काढून घेतली आणि आरशाने प्रेक्षकांकडून. १९७० च्या ‘कंपनी’त याच्या उलट केलं. पोलाद आणि पारदर्शक प्लास्टिकच्या उंच सांगाड्यात लिफ्ट वरखाली जायची आणि मागे मॅनहॅटनचे फोटो प्रक्षेपित व्हायचे. तिथे फोटो अक्षरशः रंगमंचावर होते, कारण ते नाटक आजच्या शहराचं होतं आणि शहर तसंच, तुकड्यातुकड्यांत, दिसतं. ‘फॉलीज’ आठवणींचं होतं. तिथे तोच उपाय पुन्हा वापरून मागे रॉक्सीचे फोटो टाकले असते तर आठवणीचं दस्तऐवजीकरण झालं असतं. हल्ली प्रोजेक्टर स्वस्त आणि प्रखर झाल्यापासून मागे मोठा फोटो टाकणं हा पहिला विचार असतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण नटाच्या चेहऱ्यावर दिवा टाकला की तो उजेड मागच्या पडद्यावर सांडतो आणि फोटो फिका पडतो, फोटो वाचवायचा तर चेहरा अंधारात जातो. म्युझिकलमध्ये चेहरा अंधारात ठेवता येत नाही, गाणारा माणूस दिसलाच पाहिजे. तेव्हा आधी विचारावं की हा फोटो प्रेक्षकाने बघायचा आहे, की नुसता आपण.

हिशेबाचीही नोंद हवी. ‘फॉलीज’चे ५२२ प्रयोग झाले, १ जुलै १९७२ ला ते बंद झालं, आणि गुंतवणूकदारांचे सुमारे ७ लाख ९२ हजार डॉलर पूर्ण बुडाले. ब्रॉडवेचे मानाचे टोनी पुरस्कार मात्र सात मिळाले, त्यांत नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना या तिन्हींचे. एवढ्या पोशाखांचं, दोन पूर्ण सेटच्या तोडीचं आणि मोठ्या संचाचं नाटक दर आठवड्याला जेवढा खर्च मागतं तेवढी तिकिटं ते खपवू शकलं नाही. हे मी लपवणार नाही, कारण फोटोवरून सुचलेली कल्पना निर्मात्याला पटवून देताना तो हा आकडा विचारणारच, आणि विचारायलाच हवा. लव्हलँड थोडं लहान असतं तर? मला वाटतं, नाटक टिकलं असतं की नाही ठाऊक नाही, पण ढिगाऱ्याचं वजन कमी झालं असतं. ढीग किती खोल आहे हे त्याच्यावर उतरलेल्या लेसच्या उधळपट्टीवरूनच कळत होतं.

जागेचाही हातभार होता. विंटर गार्डन १९११ पासूनचं, आणि १९३० च्या दशकात तिथे खरोखरच ‘झिगफेल्ड फॉलीज’ या गाजलेल्या रिव्ह्यूचे खेळ झाले होते. रॉक्सी ज्या रस्त्यावर होतं त्याच पन्नासाव्या रस्त्याला लागून, पायी काही मिनिटांवर. प्रेक्षक ज्या खुर्च्यांवर बसून हा बनावट ढिगारा पाहत होते त्या खुर्च्या त्याच इतिहासातल्या होत्या. ॲरन्सन यांच्या लेव्हल्स जिथे संपत तिथून पुढे थिएटरच सेट होऊन जात होतं. न्यूयॉर्कनंतर नाटक लॉस एंजेलिसला गेलं ते एका कोऱ्या करकरीत थिएटरचं उद्घाटन करायला. सेट तोच, पण भोवती नव्या रंगाच्या भिंती. फोटोच्या भोवती जी चौकट बसते तिचा विचार आपण करतो, सेटच्या भोवतीच्या चौकटीचा विचार ग्राउंड प्लॅनवर, म्हणजे सेटच्या नकाशावर, कुठेच नसतो. दौऱ्यावर जाणारा सेट करताना मी आता त्या प्रत्येक थिएटरचे फोटो मागवून भिंतींचा रंग बघतो. आणि त्या नव्या थिएटरचंही पुढे तेच झालं. २००२ साली ते पाडलं.

शेवटचं दृश्य सांगून थांबतो. पहाट झाली आहे, दोन्ही जोडपी एकमेकांना सावरत निघून जातात. रंगमंच रिकामा होईल असं वाटतं, पण होत नाही. तरुण रूपं अजून तिथेच आहेत, तीस वर्षांपूर्वी दोघे तरुण जिन्याखाली उभं राहून मुलींना हाका मारायचे तशा हाका मारत. स्वॉन्सनसुद्धा शटर पडल्यावर बोआ सावरत त्या ढिगाऱ्यातून खाली उतरून गाडीत बसली असणार. हात उंचावलेली ती मात्र तिथेच राहिली आहे.